माडीवरचा सूर

शालिग्राम गुरुजींना कुणाचंही पत्र आलं की ते आधी लाल पेन्सिल शोधत आणि मग चष्मा. मजकूर काय आहे हे त्यांना पत्र तपासून झाल्यावरच कळे. सासऱ्यांच्या आजारपणाचं पत्र आलं होतं तेव्हाही त्यांनी आधी 'प्रक्रुती'चं 'प्रकृती' केलं आणि मग डोळ्यांत पाणी आणलं. त्यांची बायको सुभद्राबाई हे बावीस वर्षं बघत आली होती. त्यावरून ती कधी भांडली नाही, कारण लिहायला-वाचायला तिला याच माणसानं शिकवलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, चुलीपुढच्या राखेवर बोटानं अक्षरं काढून.

चौसष्ट सालच्या त्या मंगळवारी पत्र आलं ते हिंमतरावांचं. हिंमतराव गुरुजींच्याच शाळेतले दुसरे मास्तर. गोवा मोकळा झाला, तिकडे मराठी शाळा निघू लागल्या, मास्तर हवेत म्हणून कागद आला, आणि हिंमतराव आठ महिन्यांपूर्वी पेटी उचलून निघून गेले. आता तसाच कागद गुरुजींच्या नावानं आला होता. जायची तयारी असेल तर खाली सही करून सोमवारपर्यंत जळगाव जामोदच्या कचेरीत पोचवा. जायचं की नाही हे ठरवायला गुरुजींनी हिंमतरावांना तिकडची हकिगत विचारली होती, त्याचं हे उत्तर.

गुरुजींनी ते मोठ्यानं वाचलं. ते दुरुस्त्यांसकट वाचत, त्यामुळे लिहिणाऱ्याची चूक ऐकणाऱ्याला कधी कळतच नसे.

"'येथे सर्व ठीक आहे. घरमालक फार प्रेमळ. ते व त्यांचा भाऊ रोज पहाटे आणि दिवस मावळताना माडीवर चढून सूर काढतात. सूर धरायला मडके बांधावे लागते. पहाटेचा सूर अगदी गोड. ऊन वर आले की तो चढतो. पाहुणा आला की आधी सूर, मग बाकीचे बोलणे. येथे सुराला कोणी नावे ठेवीत नाही. आपण अवश्य यावे.'"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "आयकलं? पाहुणा आला का आधी सूर. आपल्या इथी पाहुणा आला का आधी इचारतात, कोन्त्या मोटारीनं आले अन् कोन्त्या मोटारीनं जासान."

"मडकं कायले बांधतेत?" सुभद्राबाईनं विचारलं.

"घट म्हंतात त्याले. दक्षिणेकडचं वाद्य हाय. मी बाजूले लिहून ठेवलं."

"अन् माडीवर काऊन चढतेत?"

"आवाज मोकया होते. खाली ढोरंवासरं असतात." गुरुजी उठून दोन फेऱ्या मारून आले. "सुभद्रे, मले वाटते आपन जावं."

सुभद्राबाईनं चुलीतलं लाकूड उगाच मागे ओढलं.

इथं गुरुजींच्या गळ्याबद्दल सांगायला हवं. गुरुजींना गाण्याचं वेड होतं आणि गाण्याला गुरुजींचं वावडं होतं. मुलगी झाली तेव्हा त्यांनी मोठ्या आशेनं तिचं नाव कोकिळा ठेवलं. तिनं लग्न होऊन लोणारला जाईपर्यंत तोंडातून एक ओळ काढली नाही. गावात मारुतीच्या देवळात भजनी मंडळ होतं. दर एकादशीला दिवेलागणीनंतर बारा माणसं बसत आणि त्यांत गुरुजी असत. दोन वर्षांपूर्वी गुरुजींनी एकादशीला एक अभंग असा काही वर नेला की मृदंग वाजवणारे उत्तमराव, वासरू सुटलं वाटते, असं म्हणून मध्येच उठून गेले आणि अभंग संपेपर्यंत परतलेच नाहीत. मग मंडळाचे प्रमुख पुंजाजी यांनी गुरुजींच्या हातात झांज दिली आणि म्हणाले, "गुरुजी, तुमच्यासारखी झांज पंचक्रोशीत कोनाले जमत नाही." तीन दिवस गुरुजी खुशीत होते. चौथ्या दिवशी त्यांना त्याचा अर्थ कळला. त्या दिवसापासून देवळात ते गायले नाहीत, आणि कोणी म्हणा असंही म्हटलं नाही.

गाणं उरलं ते फक्त मोटेवर. उत्तमरावांच्या विहिरीवर सुभद्राबाईनं अर्ध्या वाट्यानं वांगी आणि मिरच्या लावल्या होत्या. शाळेच्या आधी, पहाटे, गुरुजी उत्तमरावांचेच बैल जुंपून मोट हाकीत आणि हाकता हाकता गात. बैलांना त्याची इतकी सवय झाली होती की वरच्या सुराला ते आपणहून पाय उचलीत. खाली वाफ्यात सुभद्राबाई पाणी वळवत असे. ते गाणं बेसूर आहे हे तिला कळत होतं, ती काही बहिरी नव्हती. पण तिला ते आवडायचं. ज्या दिवशी गुरुजी तापानं निजून राहत आणि मोट दुसरं कोणी हाकी, त्या दिवशी तिला दिवसभर काहीतरी विसरल्यासारखं वाटे.

आणि हा माणूस आता गवयांच्या गावात राहायला निघाला होता. घरमालक माडीवर बोलावणार, मडकं बांधणार, म्हणा गुरुजी म्हणणार, आणि गुरुजी म्हणणार. ती माणसं काही झांज देऊन समजूत काढणारी नव्हेत. ती तोंडावर हसतील. परमुलखात, ना मोट, ना बैल, ना वांगी, हा माणूस एकदा गप्प झाला की कायमचा गप्प होईल. सुभद्राबाईला भीती होती ती एवढीच. पण ती बोलून दाखवायची तर नवऱ्याला तुम्ही बेसूर आहात हे सांगणं आलं, आणि ते तिनं बावीस वर्षांत सांगितलं नव्हतं. म्हणून तिनं दुसऱ्याच हरकती काढल्या.

"तथी म्हंते भाजीतही मासोयी टाकतात."

"आपन नाही टाकायची."

"समुद्राचं पानी खारं असते."

"लोनारच्या तळ्याचं गोड हाय का? तथी आपली पोरगी नांदतेच ना?"

"तथची बोली मले समजनार नाही."

"सूर समजला का बोली आपोआप समजते," गुरुजी म्हणाले आणि हिंमतरावांना उलटटपाली कार्ड लिहायला बसले. तुमच्या पत्रात तीन चुका आहेत. 'उन' नव्हे, 'ऊन'. 'प्रेमळ'चा ळ नीट काढावा. 'माडावर' नव्हे, 'माडीवर'. प्रत्येक शब्द दहा वेळा लिहून पाठवावा. शाळेतल्या पोरांना जी शिक्षा, तीच मास्तरांना.

गुरुवारी पुंजाजी स्वतः ओट्यावर येऊन बसले. हे पूर्वी फौजेत होते. गोवा मोकळा झाला तेव्हा त्यांची पलटण दोन महिने तिकडेच होती. पेन्शन घेऊन गावी आले, गळ्यात तुळशीची माळ घातली, आणि हुकूम सोडायची सवय गेली नव्हती म्हणून मंडळाचे प्रमुख झाले. पंधरा वर्षं फौजेत राहून दारूच्या थेंबाला शिवलो नाही, हे वाक्य ते दर एकादशीला भजनाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा म्हणत.

गुरुजींनी त्यांना पत्र वाचून दाखवलं. सूर हा शब्द आला तसे पुंजाजी दचकले. त्यांनी एकवार गुरुजींकडे पाहिलं. मग हळूहळू त्यांच्या तोंडावर समाधान पसरलं.

"जा गुरुजी, अजिबात मांगं पाहू नोका," ते म्हणाले. "तथच्या सुराले तोड नाही. मी सोता घेतला हाय."

"तुमी? तथी?" गुरुजींचे डोळे चमकले. "कसा लागला?"

"पह्यल्यांदा जरासा आंबट लागला. मंग बसला बराबर."

"आंबट?"

पुंजाजी खोकले. "म्हंजे, आपल्यासारखा नाही. तथचं वळण येगळं." आणि त्यांनी विषय बदलून मोटारीच्या वेळा सांगायला सुरुवात केली. मोटार कुठं धरायची, गाडी कुठं बदलायची, सगळं त्यांना पाठ होतं. गुरुजींचं बिऱ्हाड सोमवारीच हलावं अशी त्यांची घाई दिसत होती.

सुभद्राबाई आत तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. गुरुजी गेले तर पुंजाजींची झांजेपासूनही सुटका होणार, ती घाई तिला समजली. पण आंबट? सूर चढतो, उतरतो, लागतो, नाही लागत. आंबट कसा होईल?

दुसऱ्या दिवशी गुरुजी शाळेत गेल्यावर तिनं ते पत्र पेटीतून काढलं आणि वाफ्याच्या बांधावर जाऊन बसली. सुभद्राबाईची वाचायची रीत संथ होती. अक्षराखाली बोट ठेवायचं, अक्षर म्हणायचं, मग पुढचं. गुरुजी पत्रात काय असायला हवं ते वाचत. ती बिचारी जे असेल तेच वाचत असे.

'मा', 'डा', 'व', 'र'. त्यावर लाल रेघ आणि वर गुरुजींच्या वळणदार अक्षरात 'माडीवर'. सुभद्राबाईनं लाल रेघेखालचं पुन्हा वाचलं. माडावर. माड म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं, पण ज्याच्यावर चढतात आणि मडकं बांधतात, पहाटे एकदा आणि दिवस मावळताना एकदा, असं काहीतरी. पहाटेचं गोड. ऊन वर आलं की चढतं.

तिच्या माहेरी नाल्याच्या काठानं शिंदीची झाडं होती. त्यांची ताडी, म्हणजे शिंदी, काढणारा माणूस पहाटे कमरेला दोर बांधून वर चढे, मडकं उतरवी, आणि संध्याकाळी पुन्हा चढून दुसरं बांधी. सकाळची शिंदी गोड असते, दुपारची आंबट होते आणि डोक्यात जाते, हे माहेरच्या लहान पोरांनाही माहीत होतं. पाहुणा आला की आधी शिंदी, मग बाकीचं बोलणं.

सुभद्राबाईनं पत्र पुन्हा बोट ठेवून वाचलं. सूर म्हणजे तिकडची शिंदीच. मग तिला हसू आलं. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. त्या दारूसाठी तिचा माळकरी नवरा, सुपारीलाही न शिवणारा, बिऱ्हाड हलवायला निघाला होता, वर तिची शुद्ध अक्षरात वाखाणणी करत होता. मिरचीच्या वाफ्यात ती एकटीच इतकी हसली की पलीकडच्या शेतातली अंबूबाई कमरेवर हात ठेवून बघायला लागली.

हसून झाल्यावर मात्र तिला रडू येईलसं वाटलं. आता एक वाक्य बोललं की गोवा संपला. पण मग काय? 'येथे सुराला कोणी नावे ठेवीत नाही.' या ओळीखाली गुरुजींनी दोनदा लाल रेघ ओढली होती, आणि ती चूक दाखवणारी रेघ नव्हती. दोन वर्षं हा माणूस एवढंच वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायला थांबला होता. ते शेवटी आलं, तेही ताडीबद्दल. हे कळल्यावर ते गोव्याला जाणार नाहीत, हे खरं. पण उद्या मोटेवर तरी गातील का? सुभद्राबाईनं पत्राची घडी घातली आणि घरी न जाता सरळ पुंजाजींच्या दारात उभी राहिली.

पुंजाजी खाटेवर बसून माळ ओढत होते. त्यांची बायको गोजरबाई समोर ज्वारी पाखडत होती.

"पुंजाजीभाऊ, एक इचारायचं होतं," सुभद्राबाई उंबऱ्यावर टेकत म्हणाली. "तुमी तथी सूर घेतला तो मडक्यातला का गिलासातला?"

पुंजाजींच्या बोटात माळ अडकली. "गोजरे, वहिनीसाठी चहा टाक."

"चहा प्यायलेच तं आली ती," गोजरबाई म्हणाली आणि आत गेली.

"वहिनी, हळू बोला. ते सरकारी काम होतं. फौजेत हुकूम झाला का घ्या लागते."

"किती वेळा झाला हुकूम?"

"दोनच वेळा."

"दोन महिन्यात दोनच?"

पुंजाजींनी आतल्या दाराकडे पाहिलं. "रोज," ते म्हणाले.

सुभद्राबाई उंबऱ्यावर नीट बसली. आतून कपबशीचा आवाज आला, तशी पुंजाजींच्या कपाळावर घाम आला.

"मी कोनाले सांगत नाही," ती म्हणाली. "मंडळात नाही, गोजरबाईले नाही, गुरुजीले तं नाहीच नाही. पन उद्याच्या एकादशीले पह्यला अभंग गुरुजी म्हंतीन."

"वहिनी, दुसरं काही सांगा. हवं तं मी मिरच्या तोडू लागतो."

"पह्यला अभंग. अन् तुमी सोता घरी येऊन म्हनायचं, गुरुजी, तुमच्याबगर मंडळ सुनं झालं."

"सुनं कोठी झालं? ते तं—" पुंजाजी थांबले. गोजरबाई चहा घेऊन आली होती. "झालं, वहिनी. लय सुनं झालं."

शनिवारी सकाळी पुंजाजी आले आणि ओट्यावर उभं राहून, फौजेत हजेरी द्यावी तसं ते वाक्य म्हणून गेले. गुरुजी दारापर्यंत जाऊन परत आले. मग त्यांनी पेटीतून धुतलेलं धोतर काढलं.

संध्याकाळी देवळात सुभद्राबाई बायकांत बसली. गुरुजींनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. पहिलं चरण ठीक गेलं. दुसऱ्याला ते वर चढले आणि तिथून त्यांना खाली यायची वाट सापडेना. उत्तमरावांचा मृदंग त्यांच्या मागे धावून धावून दमला. या वेळी पुंजाजींनी डोळे वटारले म्हणून उत्तमरावांना वासरासाठी उठता आलं नाही. देवळामागच्या गोठ्यात त्यांचे बैल मात्र मोट सुरू झाली असं समजून उठून उभे राहिले आणि घुंगुरमाळा वाजू लागल्या. बायकांनी माना खाली घातल्या. सुभद्राबाईनं घातली नाही. ती सरळ गुरुजींच्या तोंडाकडे बघत होती. इतकं सुख तिनं त्या तोंडावर कोकिळेच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

अभंग संपला. पुंजाजी भिंतीकडे बघत म्हणाले, "वा."

रविवारी सकाळी गुरुजींनी कचेरीचा कागद घडी करून पेटीच्या तळाशी ठेवला. "तथी गवय्ये पुष्कळ हायेत," ते म्हणाले. "इथी मंडळाले मानूस नाही. मले वाटते आपन राहावं." सोमवार आला आणि गेला. सुभद्राबाईनं त्या दिवशी पुरणपोळी केली आणि कशाबद्दल ते सांगितलं नाही.

बारा दिवसांनी हिंमतरावांचं कार्ड आलं. गुरुजींनी चष्मा लावला आणि पेन्सिल न घेताच ते वाचलं. मोठ्यानं नाही, मनात. वाचून झाल्यावर ते खुंटीच्या सदऱ्याच्या खिशात ठेवलं, पेटीतून तो कचेरीचा कागद काढला, त्याच्या कोऱ्या बाजूवर खाली मान घालून बराच वेळ काही लिहिलं, आणि शाळेत निघून गेले.

लाल पेन्सिलीशिवाय पत्र वाचलेलं सुभद्राबाईनं पहिल्यांदाच पाहिलं. ती घाबरली. तिनं कार्ड काढलं आणि बोट ठेवलं. 'माडावर हेच बरोबर. माड म्हणजे नारळाचे झाड. सूर म्हणजे त्याची ताडी, आपल्याकडच्या शिंदीसारखी. आपल्या पुंजाजीस विचारावे. पलटणीत असताना त्याचा मुक्काम याच गावी होता. येथील लोक अजून त्याचे नाव काढतात.' कार्डात चार चुका होत्या आणि एकीलाही गुरुजींनी हात लावला नव्हता.

पेटीवर तो कागद पडला होता. त्यावर लाल पेन्सिलीनं, सुवाच्य अक्षरात, एकाखाली एक, दहा वेळा लिहिलं होतं: माडावर.

त्या संध्याकाळी पुन्हा एकादशी होती. देवळात जाताना सुभद्राबाई मुद्दाम चार पावलं मागे राहिली. मंडळ बसलं. पुंजाजींनी, फौजेत राहून थेंबाला शिवलो नाही, हे नेहमीचं वाक्य म्हटलं आणि पडलेल्या तोंडानं गुरुजींकडे हात केला. "म्हना गुरुजी. पह्यला अभंग."

गुरुजींनी शांतपणे झांज उचलली. "नाही पुंजाजी, तुमीच म्हना. तुमचा सूर लय जुना हाय. मी आयकलं, तथचे लोक अजून नाव काढतात."

बाकीच्यांना वाटलं, गुरुजींनी मोठेपणा दाखवला. दोघांनी माना डोलावल्या. पुंजाजींनी अभंग धरला खरा, पण त्या दिवशी त्यांचा आवाज असा काही कापत होता की उत्तमरावांना दुसऱ्यांदा वासरू आठवलं.

परतताना गुरुजी कंदील घेऊन पुढे चालत होते.

"तुले कवापासून ठाऊक होतं?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"तुमी शाळेत गेलते, त्या शुक्रवारपासून."

"मंग मले सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तं तुमी गायलेच नसते."

गुरुजी थोडं चालले. मग थांबले. कंदील त्यांनी खाली धरला होता, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं. "खरं सांग. त्या दिवशी लय बेसूर झालं का?"

बावीस वर्षं हा प्रश्न येईल म्हणून सुभद्राबाई भीत आली होती. आता तो आला तर तिला खोटं बोलावंसं वाटलं नाही.

"हो," ती म्हणाली. "रोजच होते. पन मले त्याच्याबगर सकाळ झाली असं वाटत नाही. मी तुमाले गोव्याले जाऊ द्यायले भेलती ते मासोयीसाठी नाही. तथी कोनी हसलं असतं तं तुमी मोटेवरही गप बसले असते."

गुरुजींनी कंदील वर केला आणि वाट धरली. घरी येऊन उपासाचं खाल्लं आणि निजले.

पहाटे सुभद्राबाई उठली तेव्हा ते अंथरुणात नव्हते. ती लगबगीनं विहिरीवर गेली. बैल जुंपलेले होते, मोट वर येत होती, पाणी पाटात पडत होतं. पण गाणं नव्हतं. नुसतं चाक करकरत होतं. बैलही मध्येच थांबून मागे वळून बघत होते. तिनं वांग्याच्या पहिल्या वाफ्याला पाणी वळवलं आणि खाली मान घालून उभी राहिली.

"सुभद्रे," वरून हाक आली. "आज कोन्ता म्हनू?"

असं त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं. सुभद्राबाईनं डोळे पुसले आणि देवळात उत्तमरावांना उठवून घालवणाऱ्या त्या अभंगाचं नाव सांगितलं. गुरुजींनी घसा साफ केला आणि तो वरपर्यंत नेला. बैलांनी पाय उचलले. अभंग संपेपर्यंत तिला दुसऱ्या वाफ्याचं भान राहिलं नाही, आणि त्या दिवशी एकाच वाफ्यात दोन वाफ्यांचं पाणी गेलं.